वारा असेल

३ फेब्रुवारी

नमस्कार.

तुम्हाला वाचकांची पुष्कळ पत्रं येत असतील. मी तशी वाचक नाही. कथा-कादंबऱ्या मला जमत नाहीत, चार पानांत डोळा लागतो. तुमची 'गायब' ही गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. ती ज्या मासिकात आली ते माझ्या मोठ्या भावाच्या गादीखाली मिळालं. भाऊ गेल्या महिन्यात वारला. त्याची खोली आवरायला घेतली, गादी उचलली तर खाली हे मासिक, आणि तुमच्या गोष्टीपाशी खुणेला बसचं जुनं तिकीट.

गोष्ट मला समजली ती अशी. एका इमारतीतली मुलं सुट्टीत एक खेळ काढतात. ज्याच्यावर राज्य येईल तो गायब. तो कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याने हाक मारली की बाकीच्यांनी म्हणायचं, "वारा असेल." गोष्ट सांगणारा मुलगा सगळ्यांचा पुढारी. तो एका बारक्या मुलाला गच्चीवरच्या पंपाच्या खोलीत कोंडतो आणि बाहेरून कडी लावतो. आतला मुलगा हाका मारतो, बाहेरचे हसतात. मग पुढाऱ्याला राहवत नाही. तो कडी काढतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून "सुटलास" म्हणतो, आणि दोघंही रडतात.

आमच्या क्लिनिकमधल्या रिसेप्शनच्या बाईंना वाचायला दिली. "अगं बाई, पाणीच आलं डोळ्यांत," म्हणाल्या. माझ्या नाही आलं. पण मला एकूणच लवकर येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

माझं विचारणं लहानसं आहे. खोलीचं दार तुम्ही हिरवं लिहिलं आहे. ते तुम्ही कुठे पाहिलंत? मला आठवतं ते करडं होतं.

उत्तराची घाई नाही.

एका माणसाची बहीण


२१ फेब्रुवारी

नमस्कार.

उत्तर आलं नाही. पहिलं पत्र मासिकाच्या कचेरीत पाठवलं होतं, तिथे पडून राहिलं असेल. आता तुमच्या घरचा पत्ता मिळाला आहे. कसा मिळाला ते सोडा. तुमच्या फाटकावरच्या पत्रपेटीचं झाकण तुटलं आहे, म्हणून हे पाकीट मी अगदी तळाशी ढकललं. दुरुस्त करून घ्या. कोणीही हात घालू शकतं.

मागच्या पत्रात मी आडपडदा ठेवला. माझा भाऊ म्हणजे खारू. पुढचे दोन दात मोठे, आणि जिन्याच्या कठड्यावरून खारीसारखा पळायचा. नाव तुम्हीच ठेवलं होतंत. तुम्ही कप्तान. तळमजल्यावरचा गोट्या तुमचा हवालदार. मी पाच वर्षांची, खारूची धाकटी बहीण. मला खेळात घ्यावं म्हणून आईने तुम्हाला दम दिला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "येऊ दे, कच्चा लिंबू." म्हणजे मी खेळात होते, पण माझं काही धरायचं नाही. माझ्यावर राज्य येणार नाही आणि मी कोणाला पकडलं तर तो बाद होणार नाही. पुढे कच्चा गेला, नुसतं लिंबू राहिलं. गोट्या अजून त्याच नावाने हाक मारतो.

खेळाचे नियम तुम्ही गोष्टीत निम्मेच सांगितलेत. राज्य द्यायचं कप्तानाने, आणि सोडवायचं तेही त्यानेच. ज्याने राज्य दिलं त्यानेच डोक्यावर हात ठेवून 'सुटलास' म्हणायचं. दुसऱ्या कोणी म्हटलं तर ते धरायचं नाही. गोट्याचं राज्य चहाच्या वेळेला संपायचं. जुळ्या बहिणींचं जेवणापर्यंत, कारण त्या भोकाड पसरायच्या. खारूचं राज्य सुट्टीभर चाललं. का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

तो धावत जाऊन चेंडू आणून द्यायचा. तुम्ही म्हणायचात, "अरे, चेंडू आपोआप आला!" तो वाटेत उभा राहिला की तुम्ही धडक देऊन पुढे जायचात आणि खांदा चोळत म्हणायचात, "आज वारा फार आहे." पहिल्या आठवड्यात खारू हसायचा. त्याला वाटायचं, आपण गायब व्हायला सगळ्यात भारी आहोत म्हणून आपलं राज्य एवढं टिकतंय. मला म्हणायचासुद्धा, "बघितलंस? कोणालाच दिसत नाहीये मी."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पोरांच्या खेळात मोठ्यांनी पडू नये. आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील."

शेवटच्या दिवशी दुपारी तुमच्या बाबांच्या बदलीचा ट्रक भरून खाली उभा होता. खारू वर पंपाच्या खोलीत होता. तुम्ही ड्रायव्हरशेजारी चढून बसलात. गोट्याने खालून विचारलं, "कप्तान, खारूचं काय?" तुम्ही म्हणालात, "कोण खारू?" सगळी पोरं पोट धरून हसली आणि ट्रक गेला.

'सुटलास' कोणी म्हटलं नाही. गोष्टीत ते कसं आलं, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. कडीबद्दलही बोलायचं आहे, पण ते समोरासमोर.

खारूची बहीण


९ मार्च

नमस्कार.

आज तुमच्या फाटकावर नवी पत्रपेटी दिसली. म्हणजे माझं पत्र पोचलं.

मला वाटतं, तुम्हाला संध्याकाळचा तो कार्यक्रम आठवत नसेल. पुस्तकांच्या दुकानात तुम्ही सह्या द्यायला बसला होतात. दादाने, म्हणजे खारूने, त्या दिवशी सुट्टी टाकली होती. तो सुट्टी कधी टाकायचा नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले, मला विचारलं, "बरा दिसतो ना?" मी चेष्टा केली, "मुलगी बघायला निघालास का?" तर लाजला. त्या वयात.

त्याच्याबद्दल थोडं सांगते. तो बस स्थानकावर घोषणा द्यायचा. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी सामानाकडे लक्ष द्यावं. वर काचेची खोली, समोर माइक. तीस वर्षं तेच काम. म्हणायचा, "मी बोललो की शेकडो माणसं माना वर करतात. माझ्याकडे कोणी बघत नाही, पण माना वर करतात." बाकी ठिकाणी त्याचं जमायचं नाही. दुकानात गेला तर गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहायचा आणि वाण्याने विचारलं नाही तर तसाच परत यायचा. मी चिडायचे. तो म्हणायचा, "मी गेलो की वाण्याला चष्मा लागतो." घरी आला की बेल एकदाच वाजवायचा. मी बाथरूममध्ये असले तर दाराबाहेर उभा, दुसऱ्यांदा वाजवणार नाही. मी लग्न मोडून या घरात परत आले तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं. दार उघडायला कोणीतरी आलं."

तर त्या संध्याकाळी तो रांगेत उभा राहिला. त्याने तुमचं नवं पुस्तक घेतलं होतं. त्याची पाळी आली, तुम्ही मान खाली घालूनच विचारलंत, "कोणाच्या नावाने?"

तो म्हणाला, "खारू."

तुम्ही म्हणालात, "वा, गोड नाव आहे. नातू का?"

तो म्हणाला, "हो."

तुम्ही लिहिलंत, 'चिरंजीव खारूस, अनेक आशीर्वाद.' पुस्तक माझ्यासमोर आहे. अक्षर सुरेख आहे तुमचं.

घरी आला तेव्हा हसत होता. "बघ, आशीर्वाद दिलाय. बढतीच झाली म्हणायची." मी म्हटलं, "अरे, मग सांगायचं ना, मीच तो!"

"त्याने वर बघितलं नाही."

"मग बोलायचं! तोंड नाही का तुला?"

"राज्य माझ्यावर आहे ना," म्हणाला.

तो थट्टा करतोय असं मी त्या वेळी धरलं. जेवताना मात्र त्याने मधेच विचारलं, "काय गं, गोष्टीत 'सुटलास' म्हटलेलं धरतात का?"

मी म्हटलं, "धरतात. छापून आलंय म्हणजे धरतातच."

"तू म्हणतेस होय," असं म्हणून तो हसला आणि ताट उचलून उठला.

त्यानंतर महिनाभराने तो गेला. मला तुमच्याकडून पैसा-अडका, माफी, काही नको. तुम्ही एकदा घरी या आणि तो शब्द म्हणा. मेलेल्या माणसाला म्हटलेलं धरतात की नाही ते मला ठाऊक नाही. पण राज्य ज्याने दिलं तोच म्हणू शकतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे जाऊन उपयोग नाही.

खारूची बहीण


२६ मार्च

नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं आहे, खाली सही आहे. तुम्ही लिहिता की बालपणीचे प्रसंग कल्पनेत मिसळून जातात, कोणत्या एका मुलावर गोष्ट लिहिलेली नाही. दुकानातल्या प्रसंगाबद्दल लिहिता की गर्दी होती आणि अलीकडे तुम्हाला ऐकायला कमी येतं.

मी कानांच्या दवाखान्यात काम करते. ऐकण्याची तपासणी करायची, हेच माझं काम. आवाज न शिरणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बहिरे लोक कसे बसतात ते मला माहीत आहे. ते आवाज येत नसतानाही वाट बघत असतात, चेहरा पुढे काढून. आणि ज्यांना ऐकू येतं पण दाबायचं नसतं, ते वेगळे बसतात. आवाज आला की त्यांची पापणी आधी हलते, मग ते स्थिर होतात, जरा जास्तच स्थिर.

मंगळवारी सकाळी तुम्ही बागेत फिरायला आला होतात. मी तुमच्या मागच्या बाकावर होते. मी हळूच "कप्तान" म्हटलं. इतकं हळू, की शेजारचं कुत्रंसुद्धा वळलं नाही. तुमची मान हलली. मग तुम्ही सरळ चालत गेलात.

तुमचे कान उत्तम आहेत. काळजी नसावी.

आता दादा कसा गेला ते लिहिते, कारण तुम्ही 'त्यांच्या आजारपणाबद्दल वाचून वाईट वाटलं' असं लिहिलं आहे आणि मी आजारपणाचं काही लिहिलेलं नव्हतं. तो आजारी नव्हता. दुपारी त्या काचेच्या खोलीत त्याच्या छातीत दुखायला लागलं. दोन गाड्यांची घोषणा झाली नाही म्हणून कंट्रोलर वर गेला, तेव्हा तो खुर्चीतच होता. डॉक्टर म्हणाले, एकदम नाही गेले, थोडा वेळ मिळाला असणार. माइकचं लाल बटण त्याच्या उजव्या हाताखाली होतं. नुसतं बोट खाली टेकवायचं होतं. कंट्रोलर रडत होता. "ताई, 'या' एवढं म्हटलं असतं तरी अख्खं स्टँड धावत वर आलं असतं हो."

म्हणाला नाही. बटणावर हात होता आणि तो गप्प बसून राहिला.

तो का गप्प बसला, हे जगात दोघांनाच माहीत आहे. मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असायला हवं, पण तुमच्या गोष्टीवरून वाटतं की तुम्हाला नाही.

खारूची बहीण


१७ एप्रिल

नमस्कार.

या खेपेला हाताने लिहिलेलं पत्र आलं, तेही चार पानी. वाचून बरं वाटलं. तुम्हाला सगळं आठवतं असं तुम्ही कबूल करता. त्या कडीचा आवाज अजून कानात आहे, झोपेतून दचकून उठायला होतं, चाळीस वर्षं ती कडी छातीवर आहे, असं लिहिता. ही वाक्यं गोष्टीतही आहेत, पण असू देत.

येईन म्हणता, ते फार बरं झालं. मात्र तुम्ही अधिक 'तपशील' मागता. खारू कुठे बसायचा, काय खायचा, झोपेत बोलायचा का. हे कशाला हवं ते मला कळलं नाही. आलात की विचारा.

गोट्याला सांगितलं. तो आता वायरिंगची कामं करतो, इथेच राहतो, पोट सुटलं आहे. स्टुलावर चढून आमच्या घराचा फ्यूज बघत होता.

"कप्तान येतोय? इथे? कशाला?"

"दादाला सोडवायला."

त्याने फ्यूज परत जागेवर बसवला. मग म्हणाला, "लिंबू, जाऊ दे गं. पोरं होतो आपण. पोरांना काय अक्कल असते."

"तुला होती की. तू विचारलंस ना, खारूचं काय म्हणून."

"विचारलं," तो म्हणाला, "आणि मग हसलोसुद्धा मीच. सगळ्यात मोठ्याने."

खाली उतरला, पैसे घेतले नाहीत. दारात थांबून म्हणाला, "तो आला की मला बोलावू नकोस. आणि तूही एकटी वर जाऊ नकोस. तुझा चेहरा बरा दिसत नाही मला."

माझा चेहरा पूर्वीपासून असाच आहे. तुम्ही या.

लिंबू


८ मे

नमस्कार.

रविवार ठीक आहे. दुपारी या. सुट्टीमुळे इमारतीतली बरीच घरं बंद आहेत, बोलायला निवांत मिळेल. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे जिना. गच्चीची किल्ली आता माझ्याकडे असते. पंप केव्हाच खाली तळघरात बसवला. आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो. त्यामुळे वर कोणी येत नाही. खोली मात्र तशीच आहे, मी झाडून ठेवली आहे. दार करडंच आहे. तुम्ही खात्री करून घ्या.

येताना फार काही आणू नका. तो शब्द तेवढा आणा.

लिंबू


रविवार, दुपार

कप्तान,

आता तुला अहो-जाहो करवत नाही. तेव्हाही करत नव्हते.

मी दाराबाहेर पायरीवर बसून लिहिते आहे. पिशवीत पॅड होतं. पाण्याची बाटली तू आत घेऊन गेलास ते बरं केलंस. तुझा फोन माझ्या मांडीवर आहे. दोनदा वाजला. त्यावर 'घर' असं आलं. मी उचलला नाही, दुसऱ्याचा फोन उचलू नये.

मी तुला कोंडायला बोलावलं नव्हतं. हे तुला खोटं वाटेल, पण खरं आहे. तू जिना चढून आलास, धापा टाकत होतास, तेव्हा मला तुझी दयाच आली. केस गेले, गुडघे गेले. मला वाटलं, आता हा आत जाईल, हात पुढे करून तो शब्द म्हणेल, मग मी खाली जाऊन चहा टाकीन आणि सगळं संपेल. दादाची खोली मी उद्यापासून उघडी ठेवीन.

तू आत गेलास. भिंतीवरून हात फिरवलास. "काय वातावरण आहे हो इथे," म्हणालास. मग कोपऱ्यात उकिडवा बसलास. "इथेच बसला असेल ना तो? ताई, जरा फोटो काढता का माझा? दारातून काढा, उजेड बरा आहे." आणि फोन माझ्या हातात दिलास.

मी म्हटलं, "आधी तो शब्द म्हणा."

"कुठला?"

"सुटलास."

तू हसलास. इतकं छान हसलास की मला ट्रक आठवला. म्हणालास, "अहो, तो गोष्टीतला शब्द. लिहिताना सुचला मला. शेवट कुठे होत नव्हता, आणि एकदम सुचला. चांगला जमलाय ना?"

तुला आठवतच नाही, कप्तान. कडी आठवते, आणि कडीमुळे तुला झोप लागत नाही, म्हणून लोक टाळ्या वाजवतात. शब्द आठवत नाही.

तेव्हा मी दार ओढून घेतलं. कडी खाली पडली. आवाज तू ऐकलास, लगेच ओरडलास.

आता मी जे भेटल्यावर सांगणार होते ते सांगते. त्या दुपारी मी या इथेच बसले होते, याच पायरीवर. कच्चा लिंबू कुठे बसलाय याच्याकडे कोण लक्ष देतं? तुम्ही सगळे हसत खाली गेलात. मीही मागून उतरले आणि ट्रक गेल्यावर परत इथे येऊन बसले. दादा आतून हाका मारत होता. मी उठले आणि दार ढकललं. उघडलं, कप्तान. कडी लागलीच नव्हती. तिची कोयंड्याशी गाठच पडत नाही, ती नुसती खाली पडते आणि वाजते. तेव्हाही तसंच होतं, आजही तसंच आहे.

दार उघडलं तर दादा समोर उभा. मला बघून त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "चल, आई बोलावतेय." तो म्हणाला, "कप्तान कुठे आहे?" मी म्हटलं, "गेला. ट्रकमधून गेला." तो म्हणाला, "मग मी कसा येऊ? सुटलो नाही मी." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पोचला नाही, म्हणून त्याच्या पोटावर ठेवला आणि म्हटलं, "सुटलास." पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं. तो म्हणाला, "तुझं धरत नाहीत."

मग त्याने आतून हळूच दार लावून घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळी वॉचमन पंप सुरू करायला आला. त्याने दार ढकललं आणि म्हणाला, "अरे पोरा, दार उघडं आहे, बाहेर का नाही आलास?" दादा कोपऱ्यातून हलला नाही. वॉचमनने त्याला उचलून खाली आणलं. पण ते आणणं धरायचं नव्हतं, हे वॉचमनला कुठून माहीत?

पुढे चाळीस वर्षं मी त्याच्याशी बोलले. रोज दार उघडलं, रोज विचारलं, काय रे, कसा होता दिवस. त्याला सगळं ऐकू यायचं. पण धरलं जायचं नाही. त्या काचेच्या खोलीचं दारही उघडंच होतं.

तू आतून दारावर मुठी मारतो आहेस. हे दार आतल्या बाजूला उघडतं. ढकलून उघडणार नाही, ओढायचं असतं. फळीच्या फटीत बोटं घातली की लहान मूलही उघडेल. तू ओढून बघत नाहीस, कारण तुझ्या गोष्टीत बाहेरून कडी आहे.

हा कागद दाराखालून आत सरकवला की तुला कळेल. तेवढी फट आहे. अजून सरकवलेला नाही.

एक मात्र झालं. दार मी लावलं, म्हणजे या खेपेला राज्य मी दिलं. मग सोडवायचं तेही मीच, आणि मी म्हटलेलं आज पहिल्यांदा धरलं जाईल. हा शब्द मला कधी मिळाला नव्हता. तो मी थोडा वेळ तोंडात धरून बसणार आहे.

ऊन कठड्यापर्यंत आलं आहे. दोरीवर कोणाचा तरी शर्ट वाळत आहे, त्याची बाहीसुद्धा हलत नाही. फोन पुन्हा वाजून थांबला. इतका वेळ आतून "ताई, अहो ताई" चाललं होतं. आता ते बंद झालंय. आता कोणीतरी, अगदी लहान मुलाच्या आवाजात, "लिंबू, ए लिंबू" म्हणतंय.

वारा असेल.